डोळ्यांवरची पट्टी आणि चवदार तळं

महाडजवळच्या वीर स्टेशनावर उतरणारा माणूस कलादालन शोधत आलेला नसतो. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा 1993 च्या जूनमध्ये सुरू झाला आणि काही काळ कोकण रेल्वे वीरलाच संपत होती. आता गाड्या पुढे मंगळूरपर्यंत जातात. इथे उतरतो तो रायगडावर जाणारा, नाहीतर गणपतीला किंवा शिमग्याला बोचकी घेऊन महाड-पोलादपूरकडच्या आपल्या वाडीत परतणारा चाकरमानी. बाहेर रिक्षा किंवा मिनीडोर मिळाली की त्याचं स्टेशनाशी असलेलं नातं संपतं.

तरीही प्रदर्शनांबद्दलचा हा लेख वीरहूनच लिहावासा वाटतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर एका वेगळ्या प्रकारच्या प्रदर्शनांचं पीक आलं आहे. त्यांत चित्र भिंतीवर आणि प्रेक्षक समोर, अशी मांडणी नसते. प्रेक्षकालाच आत घेतलं जातं. त्यांचा दावाही मोठा आहे. दुसऱ्याचं दुःख आम्ही तुम्हाला तुमच्या अंगावर अनुभवायला लावू, कलेच्या जोडीला विज्ञान घेऊन तुमची सहवेदना वाढवू, असं ती सांगतात. हा दावा तपासायला महाडइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. का ते पुढे येईलच.

आधी एक फरक करून ठेवतो. 2023 साली मुंबईत व्हॅन गॉगचं एक प्रदर्शन भरलं होतं. चारही भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरमधून फिरणारी सूर्यफुलं आणि चांदण्या, मागे संगीत. तिकीट महाग, गर्दी मुबलक. अशा प्रदर्शनाला इमर्सिव्ह म्हणतात आणि ते खोटं नाही, माणूस रंगात बुडतो खरा. पण तो तिथे स्वतःचाच फोटो काढत असतो. ज्या माणसानं ती चित्रं काढली त्याच्या वाट्याला काय आलं, हे विचारायची सवड त्या झगमगाटात मिळत नाही. हा प्रकार मी इथेच बाजूला ठेवतो.

दुसरा प्रकार अधिक महत्त्वाकांक्षी. लंडनमध्ये 2015 साली ‘एम्पथी म्युझियम’नं बुटांच्या एका अवाढव्य खोक्यात दुकान थाटलं. तिथे तुमच्या मापाचे कोणा अनोळखी माणसाचे बूट मिळत. ते घालायचे, कानाला हेडफोन लावायचा आणि त्याच माणसाच्या आवाजात त्याची गोष्ट ऐकत चालायचं. दोन वर्षांनी मेक्सिकन दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू यांनी ‘कार्ने इ आरेना’ केलं. त्यात प्रेक्षक अनवाणी वाळूवर उभा राहतो, डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअॅलिटीचा चष्मा असतो आणि अमेरिकेची सीमा चोरून ओलांडणाऱ्यांच्या जथ्यात तो सापडतो. वर हेलिकॉप्टर, समोर बंदुका. त्याच सुमारास क्रिस मिल्क या चित्रपटकारानं व्हर्च्युअल रिअॅलिटीला सहवेदनेचं अंतिम यंत्रच ठरवून टाकलं. यंत्र म्हटलं की बटण आलं. बटण दाबलं की करुणा बाहेर येणार, असा काहीसा भरवसा त्यामागे होता.

या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणं प्रदर्शन म्हणजे ‘डायलॉग इन द डार्क’. जर्मनीत आंद्रियास हायनेके नावाचे गृहस्थ एका नभोवाणी संस्थेत काम करत होते. अपघातात दृष्टी गेलेल्या एका तरुण पत्रकाराला पुन्हा कामावर उभं करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. भेटण्यापूर्वीच त्यांना त्या मुलाची कीव येऊन गेली होती. आता याच्या आयुष्यात उरलं काय, असं त्यांनी मनोमन ठरवलं होतं. प्रत्यक्षात भेटला तो बुद्धिमान, विनोदी आणि कामाला उतावीळ माणूस. हायनेकेंना स्वतःच्या त्या कीव करण्याचीच शरम वाटली. त्यातून 1988 मध्ये फ्रँकफर्टला हे प्रदर्शन उभं राहिलं. पूर्ण काळोखाच्या खोल्या, त्यांत बाग, रस्ता, बाजार, कॉफीचं दुकान. प्रेक्षकाच्या हातात पांढरी काठी. दाखवायला एकही वस्तू नाही, कारण दिसणारच काही नाही. वाट दाखवणारा मार्गदर्शक दृष्टिहीन.

प्रदर्शनाची सगळी ताकद त्या मार्गदर्शकात आहे. बाहेर उजेडात ज्याला आपण हात धरून रस्ता ओलांडायला मदत केली असती, तोच आत आपल्याला भिंतीवर आपटण्यापासून वाचवतो. अंधार तुमच्यासाठी संकट आहे, त्याच्यासाठी ते रोजचं घर आहे. चाळीसहून अधिक देशांत हे प्रदर्शन गेलं. भारतात हैदराबादच्या एका मॉलमध्ये 2011 साली ते आलं. सिनेमाची तिकिटं काढायला आलेली पोरं वाट बदलून काळोखात शिरतात, ही कल्पनाच मला आवडते.

मुंबईनं याच्याही पुढचं पाऊल टाकलं आणि तेही फारसा गाजावाजा न करता. पार्थो भौमिक या नोकरदार गृहस्थांच्या वाचनात 2004 साली एव्हगेन बाव्चार यांच्याविषयीचा मजकूर आला. बाव्चार हे मूळचे स्लोव्हेनियाचे, पॅरिसमध्ये स्थायिक झालेले छायाचित्रकार. लहानपणी झालेल्या दोन अपघातांत एकामागून एक दोन्ही डोळे गेले, तरी त्यांनी कॅमेरा हातात घेतला. भौमिकांनी 2006 मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेत मुलांना छायाचित्रण शिकवायला सुरुवात केली. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ ही चळवळ तिथून वाढली.

न दिसणारा माणूस फोटो काढतो कसा? आवाजाच्या दिशेनं. हातानं अंतर मोजून. चेहऱ्यावर पडणाऱ्या उन्हाच्या उबेवरून प्रकाश कुठून येतोय ते ओळखून. ज्याची दृष्टी उशिरा गेली त्याच्याजवळ आठवणीतलं चित्रही असतं. थोडं दिसत असेल तर ते थोडंही कामाला येतं. फोटो काढून झाल्यावर कोणी डोळस त्याला त्याचं वर्णन करून सांगतो आणि फोटो काढणारा आपल्या मनातल्या चित्राशी ते ताडून पाहतो. प्रदर्शनात या फोटोंच्या उठावदार प्रती असतात, त्यांवर बोटं फिरवून चित्र वाचायचं. सोबत ब्रेल आणि ध्वनिवर्णन. डोळस प्रेक्षकाला पट्टी बांधून तेच चित्र हातानं बघायला सांगतात. आपण ज्या बोटांनी दिवसभर मोबाइल सरकवतो ती बोटं किती निरक्षर आहेत, ते तेव्हा कळतं.

पट्टी इथेही आहे, काळोखाच्या त्या खोल्यांतही पट्टीचंच काम अंधार करतो. पण दोन्हीकडे पट्टीच्या पलीकडे एक माणूस उभा आहे, ज्याला त्या कामातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. हा माणूस काढून घेतला आणि नुसती पट्टी ठेवली तर काय होतं, याचं उत्तर विज्ञानानं देऊन ठेवलं आहे आणि ते उत्तर अडचणीचं आहे.

सहवेदनेच्या मेंदूविज्ञानातला गाजलेला प्रयोग 2004 चा. लंडनमध्ये तान्या सिंगर आणि सहकाऱ्यांनी सोळा जोडपी बोलावली. स्त्री स्कॅनरमध्ये, तिचा जोडीदार शेजारी बसलेला, दोघांच्या हातांना विजेची टोकं लावलेली. कधी तिला झटका, कधी त्याला. तिला स्वतःला झटका बसला तेव्हा मेंदूचे वेदनेशी संबंधित बरेच भाग उजळले. त्याला झटका बसतोय हे नुसतं खुणेवरून समजलं तेव्हा त्यांतले काही भाग पुन्हा उजळले: वेदना नकोशी वाटणं ज्यांच्याशी जोडलेलं आहे ते, म्हणजे अग्र इन्शुला आणि अग्र सिंग्युलेट. वेदना नेमकी कुठे आणि कशी हे नोंदवणारे भाग मात्र शांत राहिले. मराठीत सांगायचं तर दुसऱ्याच्या दुःखाचा आपल्याला कढ येतो, कळ येत नाही.

या शोधाचं वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते योग्यच. पण पुढचे प्रयोग तितके गोड नाहीत. सिंगर यांच्याच 2006 च्या अभ्यासात, खेळात लबाडी करणाऱ्याला झटका बसला तेव्हा पुरुषांच्या मेंदूतली ही सहवेदना ओसरलेली दिसली. 2009 मध्ये चिनी आणि गोऱ्या लोकांवर झालेल्या एका प्रयोगात, सुई टोचला जाणारा चेहरा आपल्या वंशाचा नसेल तर प्रतिसाद क्षीण होतो, असं आढळलं. म्हणजे हा कढ आपोआप येतो खरा, पण कोणासाठी यायचा ते आधी ठरलेलं असतं. आपल्याकडे वंशाच्या जागी काय ठेवायचं ते वाचकाला सांगायला नको.

आता पट्टीकडे. एरियल सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञ स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जणांच्या डोळ्यांना थोडा वेळ पट्टी बांधून साधी कामं करायला लावली आणि मग अंध व्यक्तींविषयी त्यांचं मत विचारलं. पट्टी बांधलेल्यांनी अंधांना अधिक अकार्यक्षम ठरवलं: नोकरी करायला कमी लायक, एकटं राहायला कमी समर्थ. असं होण्याचं कारण साधं आहे. पट्टी बांधून तुम्ही अंधत्वाची पहिली दहा मिनिटं अनुभवता. वीस वर्षांत कमावलेलं कसब, काठीची भाषा, पावलांचा हिशेब, यांतलं काही तुमच्या हाती लागत नाही. तुम्ही धडपडता, घाबरता आणि समजता की अंध माणसाचं आयुष्य म्हणजे हीच धडपड. मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास वेगवेगळ्या अपंगत्वांच्या अशाच लुटुपुटीच्या अनुभवांचा. त्यांतून लोकांना अपंगांविषयी जिव्हाळा वाढल्यासारखं वाटलं. सोबत असहायता आणि भीतीही वाढली. अपंग व्यक्तींशी प्रत्यक्ष वागण्या-बोलण्याची तयारी मात्र सुधारली नाही.

शाळा-कॉलेजांत अपंग दिनाला ‘एक तास डोळ्यांवर पट्टी’ असले कार्यक्रम हौसेनं होतात. करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण त्यांतून दया वाढते आणि दया वाढली म्हणजे बरोबरी वाढली असं होत नाही. उलट, ज्याची कीव येते त्याला नोकरीवर ठेवायला माणूस दोनदा विचार करतो.

आता महाड.

चवदार तळ्याची गोष्ट आपण शाळेत एका परिच्छेदात उरकतो. तिच्यातला एक तपशील मला कायम थबकवतो. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आयोजनात पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे याच महाड-दासगाव परिसरातले. परिषदेला आलेल्या हजारोंना पाणी लागणार आणि गावातल्या पाणवठ्यांना त्यांनी हात लावायचा नाही. म्हणून स्वागत समितीला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 लाच झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर सगळी सहानुभूती जागेवर होती. पाणी मात्र चाळीस रुपयांचं.

20 मार्चला बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून लोक प्यायले. पुढचं सर्वज्ञात आहे: वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा, परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले, मग एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’. डिसेंबरात पुन्हा परिषद, तिच्यासाठी फत्तेखान यांनी दिलेली जागा, कोर्टाचा मनाई हुकूम, 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला तो 17 मार्च 1937 ला. दहा वर्षं.

बाबासाहेबांनी तिथे कोणाकडे कणव मागितली नव्हती. तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आपण मरू असं नाही, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे ठरवायला तिथे जायचं आहे, अशीच त्यांची मांडणी होती. टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी परिषदेत उतरली. त्यांनी स्वतः तहानलेलं राहून अस्पृश्यांची तहान ‘अनुभवली’ नाही. त्यांनी ठराव केला, व्यवस्था पाहिली, मार खाण्याचा धोका पत्करला. त्यांच्या मेंदूत तेव्हा कुठला भाग उजळला होता कोणास ठाऊक. पायांनी काय केलं ते इतिहासात नोंदलेलं आहे.

म्हणून सहवेदनेच्या कुठल्याही प्रदर्शनाला माझी कसोटी एवढीच: बाहेर पडताना प्रेक्षकाला समोरच्याची कीव येते, की त्याच्याशी बरोबरीनं बोलावंसं वाटतं? इन्यारितूंच्या वाळूत प्रेक्षक थरथरतो, पण तिथे ज्यांची गोष्ट आहे त्यांच्याशी त्याची गाठ पडते ती पडद्यावरच. हैदराबादच्या काळोखात तो मार्गदर्शकाशी बोलतो, त्याच्यावर विसंबतो, शेवटी त्याचे आभार मानतो. माझं झुकतं माप काळोखाला.

याच कसोटीला उतरणारं आणखी एक काम धारावीत झालं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही संस्था मुंबईच्या वस्त्यांमध्ये माता-बालकांच्या आरोग्यावर आणि स्त्रियांवरील हिंसेच्या प्रश्नावर काम करते. तिच्या पुढाकारानं आणि वेलकम ट्रस्टच्या मदतीनं 2015 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीच्या गल्ल्यांत ‘धारावी बिएनाले’ भरली. तिचं दुसरं नाव ‘अॅली गल्ली बिएनाले’. मागे नायरीन दारूवाला आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डॉक्टर डेव्हिड ऑस्रिन. विषय आरोग्याचे, कलाकार मात्र धारावीतलेच रहिवासी, सोबतीला व्यावसायिक कलावंत. त्यांतलं ‘मॅपिंग द हर्ट’ हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बायकांनी कापडावर धारावीचा नकाशा शिवला आणि हिंसा कुठे कुठे घडते ते त्यावर टाक्यांनी मांडलं. आपल्याकडे आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तोच हात, तेच साहित्य. फक्त या गोधडीत पुरावा शिवलेला. आरोग्यसंशोधकाला जो तक्ता लागतो तोच कलादालनात टांगता येतो आणि तो करणारी बाई ‘पीडित’ म्हणून कोपऱ्यात उभी राहत नाही, ती आपल्या कामाविषयी बोलते. कला आणि विज्ञान एकत्र आणल्याचे दावे पुष्कळ ऐकू येतात, इथे ते एका टाक्यात आलेले आहेत.

असं काही आपल्याकडे करायचं तर विषय शोधायला लागणार नाही. वीरहून महाडकडे जाताना दासगाव लागतं. 2005 च्या जुलैत तिथे दरड कोसळली, जुई, रोहन आणि कोंडिवतेतही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाड-पोलादपूर रस्त्यावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला. 22 जुलै 2021 ला तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. महाड शहर तेव्हा पाण्याखाली होतं. दर वेळी राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. त्यांत धान्य होतं, पाणी होतं. पण पुरानंतर गोळा होणाऱ्या जुन्या कपड्यांच्या ढिगांविषयी कोणत्याही पूरग्रस्त बाईला विचारा. कढ आलेल्या माणसानं कपाट रिकामं केलेलं असतं. समोरच्या बाईला काय लागेल हे विचारलेलं नसतं.

कॅमेरे आठवडाभर थांबतात. मग दुसरीकडे काही घडतं. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी दाखवून दिलंय की एका चेहऱ्यासाठी हेलावणारं मन आकडा वाढला की बधिर होत जातं. ऐंशी माणसं म्हणजे ऐंशीपट दुःख, असं मनाचं गणित चालत नाही.

म्हणून इथल्या प्रदर्शनात थरार नको. अंगावर कोसळणारी दरड आणि चारी बाजूंनी आवाज, असली खोली तर मुळीच नको. तळियेच्या माणसाला ती दाखवायची लाज वाटली पाहिजे. त्याऐवजी पाण्याचं मॉडेल असावं. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, घाटावरचा पाऊस तासांत खाली येतो, महाडला गांधारी मिळते आणि बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला पुढे वाट राहत नाही. नदीतला गाळ आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांच्याविषयी महाडकर वर्षानुवर्षं बोलताहेत. प्रेक्षकानं स्वतः नळ सोडून, भराव ठेवून आणि काढून पाहावं. डोंगरउतारावरचा मातीचा जाड थर पाणी पिऊन किती जड होतो आणि खालच्या खडकावरची त्याची पकड कशी सुटते, ते ट्रे तिरपा करून दाखवता येतं. नववीच्या मुलांनाही हे करता येईल. आणि ट्रेपाशी उभं राहून समजावणारा माणूस दासगावचा, तळियेचा असावा. कुठला आवाज आधी आला, विहिरीचं पाणी कधी गढूळलं, कोणत्या वाटेनं बाहेर पडलो: हे ज्ञान आहे. ते सांगणाऱ्याला त्या दिवसांचं मानधन मिळालं पाहिजे, हारतुरे नकोत.

20 मार्च 2027 ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. भाषणं होतील, मंडप पडतील, देशभरातून माणसं येतील. त्यांतली कितीतरी वीरलाच उतरतील. महाडमध्ये बाबासाहेबांच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक उभं आहे. नगरपालिकेनं, शाळांनी आणि मुंबईतल्या आपल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी मिळून एक प्रदर्शन तिथे मांडावं: चाळीस रुपयांच्या पाण्यापासून 2021 च्या पाण्यापर्यंत. दोन्हींत प्रश्न एकच, पाणी कोणापर्यंत पोचतं आणि कोणावर येतं. त्यातलं काही बोटांनी वाचता येईल असं असावं, म्हणजे दृष्टिहीन पाहुण्याला कोणाची वाट बघावी लागणार नाही. बाहेरचे कलावंत जरूर बोलवावेत, पण शिवणारे हात इथले हवेत.

यासाठी साहित्य आत्तापासून जमवावं लागेल. ज्यांच्या घरात परिषदेचे जुने कागद किंवा फोटो असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. आणि महाड, दासगाव, पोलादपूरकडे ज्यांच्या भिंतीवर 2005 किंवा 2021 च्या पाण्याची रेघ अजून दिसते, त्यांनी यंदा रंग काढताना तेवढी चार बोटं जागा सोडावी आणि शेजारी तारीख लिहून ठेवावी.